सैनिक कोण, नागरिक कोण?
उत्तर आयर्लंडमधल्या मृतांच्या रकान्यांचा शोध

२७ ऑगस्ट १९७९ या दिवसाची आठवण माझ्या पिढीतल्या अनेकांना असेल. मी प्राथमिक शाळेत होतो. आकाशवाणीवर बातमी आली, की भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची आयर्लंडच्या किनाऱ्यावर बॉम्बस्फोटात हत्या झाली. सरकारने सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. कलेक्टर कचेरीवरचा अर्ध्यावर आलेला झेंडा दाखवून गुरुजींनी आम्हाला कारण सांगितले. 'पण त्यांना मारले कोणी?' असे कुणीतरी विचारले, तेव्हा गुरुजी एवढेच म्हणाले, 'तिकडे धर्मावरून भांडण चालू आहे.'

त्या एका वाक्यावर माझे समाधान झाले नाही, आणि पुढेही झाले नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. तीस वर्षे एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिण्यात गेली. पण अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांपासून सुरुवात करून, पुढे मिळतील ते अहवाल आणि मृतांच्या याद्या वाचत या विषयाचा माग घेत राहिलो. हिशेबनिसाच्या सवयीने एक वही घातली आणि तिच्यात रकाने आखले : तारीख, ठिकाण, मारणारा, मरणारा, आणि मरणाऱ्याची ओळख, म्हणजे सैनिक की नागरिक. पहिले चार रकाने बहुतेक वेळा भरता आले. पाचव्याने मात्र मला वर्षानुवर्षे अडवून ठेवले. हा लेख त्या पाचव्या रकान्याविषयी आहे.

माउंटबॅटन यांच्या दिवसाचेच उदाहरण घेऊ. स्लायगो परगण्यातल्या मुलाघमोर बंदरातून त्यांची छोटी बोट सकाळी निघाली आणि काही मिनिटांत तिच्यात ठेवलेला बॉम्ब उडाला. आयआरए या संघटनेने जबाबदारी घेतली. मेले कोण? ७९ वर्षांचे माउंटबॅटन, त्यांचा १४ वर्षांचा नातू, बोटीवर हाताखाली काम करणारा १५ वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात माउंटबॅटन यांच्या जावयाच्या ८३ वर्षांच्या आई. त्याच दिवशी दुपारी, सरहद्दीपलीकडे वॉरनपॉइंटजवळ, गवताच्या गंजीखाली लपवलेल्या बॉम्बने लष्कराच्या गाडीतले ६ सैनिक मारले. मदतीला आलेली तुकडी कुठे आडोसा घेईल याचा अंदाज बांधून तिथे दुसरा बॉम्ब ठेवलेला होता. अर्ध्या तासाने तो उडाला आणि आणखी १२ सैनिक मेले. गोंधळलेल्या सैनिकांनी खाडीच्या पलीकडच्या काठावर गोळीबार केला. त्यात एक तरुण मेला. त्याचा या साऱ्याशी काहीही संबंध नव्हता.

वॉरनपॉइंटचे १८ जण सैनिक, हे सरळ. दोन मुले आणि वृद्धा नागरिक, हेही सरळ. पलीकडच्या काठावरचा तरुण नागरिक, पण त्याला मारणारे सैनिक. आणि निवृत्तीला १४ वर्षे झालेले, मासेमारीला निघालेले माउंटबॅटन कोणत्या रकान्यात? आयआरएच्या मते ते साम्राज्याचे प्रतीक होते, म्हणून ते मारण्यायोग्य ठरले. माणूस काय करतो आहे यावरून नव्हे, तर तो कशाचे 'प्रतीक' आहे यावरून त्याचा रकाना ठरवण्याची ही रीत मला पुढे वहीच्या पानोपानी भेटली.

एका शब्दाची गफलत

इंग्रजीतल्या 'पॅरामिलिटरी' या शब्दाला आपण 'निमलष्करी' म्हणतो आणि आपल्या डोळ्यांसमोर केंद्रीय राखीव पोलीस दल येते, म्हणजे सरकारचीच माणसे. उत्तर आयर्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ नेमका उलट आहे. तिथे 'पॅरामिलिटरी' म्हणजे सरकारबाह्य, गुप्त, सशस्त्र संघटना. म्हणून मी इथे 'सशस्त्र संघटना' असाच शब्द वापरतो.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथे ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते आणि अखंड आयर्लंड हवा असलेले कॅथलिक अल्पसंख्य. धर्मश्रद्धेवरून भांडण नव्हते. देश कोणता आणि सत्ता कोणाची, हा वाद होता. धर्म ही त्यातली ओळखखूण होती. एका बाजूला रिपब्लिकन संघटना उभ्या राहिल्या. त्यांतली मुख्य म्हणजे प्रोव्हिजनल आयआरए, १९६९ च्या अखेरीस जुन्या आयआरएतून फुटलेली. दुसऱ्या बाजूला लॉयलिस्ट म्हणवणाऱ्या यूव्हीएफ आणि यूडीए. तिसरा पक्ष सरकारचा : पोलीस आणि ब्रिटिश लष्कर.

पुढची तीस वर्षे जे चालले त्याला तिथले लोक 'द ट्रबल्स' म्हणतात. कटकट म्हणावी इतका साधा शब्द. पण जेमतेम १५ लाख वस्तीच्या या प्रदेशात त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि ४० हजारांहून अधिक जखमी झाली. एकट्या १९७२ या वर्षात सुमारे ४८० बळी गेले. माल्कम सटन यांनी मृतांची सूची केली. ती १९९४ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि नंतर अल्स्टर विद्यापीठाच्या 'केन' या संग्रहात गेली. तिच्या आधारे ढोबळ हिशेब असा : सुमारे ६० टक्के मृत्यू रिपब्लिकनांच्या हातून, ३० टक्के लॉयलिस्टांच्या हातून, १० टक्के सरकारी दलांच्या हातून. आणि मृतांपैकी निम्म्याहून अधिक नागरिक.

चहापासून बंदुकीपर्यंत

ऑगस्ट १९६९ मध्ये बेलफास्ट आणि डेरी इथे दंगली पेटल्या, कॅथलिकांची घरे जळाली, तेव्हा ब्रिटिश लष्कर रस्त्यावर उतरले. कॅथलिक वस्त्यांतल्या बायकांनी सैनिकांना चहा दिला. पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून लष्कर त्यांना रक्षणकर्ते वाटले.

हे फार टिकले नाही. झडत्या, संचारबंदी आणि अश्रुधूर यांनी वर्षभरातच चित्र पालटले. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी बेलफास्टमध्ये आयआरएच्या गोळीने कर्तव्यावरचा पहिला ब्रिटिश सैनिक मेला. तो २० वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, रजेवर असलेल्या तीन स्कॉटिश सैनिकांना दारूच्या गुत्त्यातून गोड बोलून शहराबाहेर नेण्यात आले आणि गोळ्या घालण्यात आल्या. वये १७, १८ आणि २३. पहिले दोघे सख्खे भाऊ होते. अंगावर गणवेश नव्हता, हातात शस्त्र नव्हते. यानंतर उत्तर आयर्लंडमध्ये पाठवायच्या सैनिकाचे किमान वय १८ करण्यात आले.

वहीत मी तिघांपुढे 'सैनिक' लिहिले. चुकीचे नाही, पण हात थबकला. साध्या कपड्यातला, निःशस्त्र, सतरा वर्षांचा मुलगा त्या क्षणी कोणत्या अर्थाने सैनिक होता?

'वैध लक्ष्य' : रुंदावत गेलेली व्याख्या

आयआरए स्वतःला सैन्य मानत असे. त्यामुळे आपण खुनी नाही, लढवय्ये आहोत, हे सांगण्यासाठी तिला एक व्याख्या लागे. ती व्याख्या म्हणजे 'वैध लक्ष्य'. ब्रिटिश सैनिक हे वैध लक्ष्य. इथून सुरुवात झाली. मग पोलीस आले, तुरुंगाचे रक्षक आले. १९७० मध्ये उभी राहिलेली अल्स्टर डिफेन्स रेजिमेंट ही स्थानिक लोकांची पलटण होती. तिच्यातले कितीतरी जण अर्धवेळ, म्हणजे दिवसा शेतकरी, गवंडी, दूधवाला आणि आठवड्यातल्या काही रात्री गणवेशात. या पलटणीचे बहुसंख्य बळी कर्तव्यावर नसताना गेले : शेतात, कामाच्या ठिकाणी, घराच्या दारात. फर्मानासारख्या सरहद्दीवरच्या परगण्यात ही माणसे प्रॉटेस्टंट असत. त्यामुळे शेजाऱ्यांना हे युद्ध न वाटता आपल्या जमातीला गावातून हुसकण्याचा प्रयत्न वाटे. आयआरए म्हणे, आम्ही गणवेशाला मारतो. विधवा म्हणे, माझ्या नवऱ्याला ट्रॅक्टरवर मारले. दोघांचा रकाना एकच, 'सैनिक'. पण त्या शब्दाचा अर्थ दोघांसाठी वेगळा.

यानंतर व्याख्या गणवेशाबाहेर गेली. आपल्या उपखंडाचा एक धागा इथे अनपेक्षितपणे हाती लागतो. ब्रिटिश पलटणींबरोबर 'चार वाला' असत. 'चार' म्हणजे चहाच. हिंदुस्थानातल्या छावण्यांपासून चालत आलेली ही प्रथा. उत्तर आयर्लंडच्या तळांवर ही माणसे रात्रंदिवस चहा आणि खाणे विकत. सटन यांच्या सूचीत असे दोन पाकिस्तानी आहेत : १९७३ मध्ये डेरीत मारलेला ४५ वर्षांचा आणि १९७४ मध्ये क्रॉसमाग्लेनजवळ मारलेला अवघा १८ वर्षांचा. दोघांनाही आयआरएने मारले. सूचीत दोघांपुढे 'नागरिक' असेच लिहिले आहे. घरापासून हजारो मैलांवर, दुसऱ्यांच्या फाळणीच्या भांडणात चहा विकणारे हे दोघे मेले.

१९८० च्या दशकात आयआरएने जाहीरच केले, की लष्कर आणि पोलिसांसाठी काम करणारे कंत्राटदार, मजूर, माल पुरवणारे, सगळेच लक्ष्य. २४ ऑक्टोबर १९९० रोजी डेरीजवळच्या कॉशक्विन नाक्यावर जे झाले ते या व्याख्येचे टोक होते. लष्करी तळाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका आचाऱ्याचे कुटुंब ओलीस धरले गेले. त्याला बॉम्बने भरलेल्या व्हॅनच्या सीटला बांधून नाक्याकडे पाठवले आणि दुरून स्फोट घडवला. तो आणि ५ सैनिक मेले. आचारी कॅथलिक होता. ज्या समाजाच्या नावाने हे युद्ध लढले जात होते, त्याच समाजातला.

१७ जानेवारी १९९२ रोजी टीबेन इथे लष्करी तळावरचे बांधकाम आटोपून घरी परतणाऱ्या मजुरांची व्हॅन उडवण्यात आली. ८ मेले, सगळे प्रॉटेस्टंट. भिंती बांधणे, पत्रे बसवणे हा त्यांचा अपराध.

व्याख्या समुद्रापारही गेली. सप्टेंबर १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीत एका ब्रिटिश सैनिकाच्या जर्मन बायकोला गाडीत गोळ्या घातल्या. त्यानंतर महिन्याभराने, २६ ऑक्टोबरला, विल्डनराथ इथे पेट्रोल पंपाजवळ भारतीय वंशाचा एक हवाई दल कर्मचारी आणि त्याची सहा महिन्यांची मुलगी मारले गेले. आई वाचली. मूल गाडीत आहे हे माहीत नव्हते, असा खुलासा आयआरएने केला. मे १९९० मध्ये हॉलंडमधल्या रूरमोंड गावात दोन ऑस्ट्रेलियन पर्यटकांना ब्रिटिश सैनिक समजून मारण्यात आले. खुलासे आणि दिलगिरी नंतर येत राहिली. पण मला वाटते, चूक गोळी झाडताना झाली नव्हती. ती व्याख्या रुंद करताना, खूप आधी, झाली होती.

दुसऱ्या बाजूचा रकाना

लॉयलिस्टांचा हिशेब निराळा आणि एका परीने सोपा होता. आयआरएचा माणूस गणवेशात नसतो, त्याला ओळखणार कसे? त्यांनी उत्तर काढले : कॅथलिक म्हणजेच आयआरए, किंवा तिचा आश्रयदाता. १९६६ मध्ये, दंगलींच्या तीन वर्षे आधी, यूव्हीएफने आयआरएविरुद्ध युद्ध जाहीर केले. पहिल्या काही आठवड्यांतले तीन बळी म्हणजे दोन सामान्य कॅथलिक पुरुष आणि चुकून मारली गेलेली एक वृद्ध प्रॉटेस्टंट विधवा. आयआरएचा एकही नाही. पुढच्या तीन दशकांची रीत इथेच ठरली. लॉयलिस्टांनी मारलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के नागरिक होते. रिपब्लिकनांच्या बाबतीत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आहे. १७ मे १९७४ रोजी डब्लिन आणि मोनाहान इथे यूव्हीएफच्या मोटारबॉम्बांनी एकाच संध्याकाळी ३३ जणांचा जीव घेतला.

पण या टक्केवारीवरून आयआरएला सभ्य ठरवण्याची घाई नको. ५ जानेवारी १९७६ रोजी दक्षिण आर्मामध्ये किंग्समिल इथे कामावरून परतणाऱ्या कामगारांची मिनीबस अडवली गेली. धर्म विचारला गेला. एकच कॅथलिक होता, त्याला जायला सांगितले. उरलेल्यांतले १० प्रॉटेस्टंट जागीच मारले गेले. आदल्या दिवशी लॉयलिस्टांनी त्याच भागात ६ कॅथलिकांना मारले होते. किंग्समिलची जबाबदारी एका बनावट नावाने घेतली गेली, कारण 'आम्ही पंथीय हत्या करत नाही' हा दावा टिकवायचा होता. ही आयआरएनेच केलेली उघड पंथीय हत्या होती, हे न्यायालयीन चौकशीने नोंदवायला एप्रिल २०२४ उजाडले.

सूड सुडाला जन्म देत होता. टीबेननंतर तीन आठवड्यांच्या आत लॉयलिस्टांनी बेलफास्टमधल्या एका सट्ट्याच्या दुकानात ५ कॅथलिक मारले. त्यात एक १५ वर्षांचा मुलगा होता. २३ ऑक्टोबर १९९३ रोजी शँकिल रस्त्यावरच्या मासळीच्या दुकानात आयआरएचा बॉम्ब वेळेआधी उडाला. वरच्या मजल्यावर लॉयलिस्ट पुढाऱ्यांची बैठक आहे, असा त्यांचा समज होता. मेले ९ सामान्य माणसे आणि बॉम्ब आणणाऱ्यांपैकी एक. आठवड्याभरात ग्रेस्टील इथल्या बारमध्ये लॉयलिस्टांनी बदला घेतला. ८ मेले, आणि त्यांतले दोघे प्रॉटेस्टंट निघाले. धर्म हाच ज्यांचा रकाना, त्यांना तोही नीट भरता आला नाही.

सरकारी रकाना

सशस्त्र संघटना व्याख्या वाकवत होत्या तेव्हा सरकार काय करत होते? ऑगस्ट १९७१ मध्ये विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली, त्या दिवसांत बॅलीमर्फी वस्तीत १० जण मेले. लष्कराने त्यांना बंदूकधारी ठरवले. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीतल्या मोर्चावर गोळीबार झाला. १३ जण त्याच दिवशी मेले, एक नंतर. त्यांच्यावरही तोच ठपका आला. ४ डिसेंबर १९७१ रोजी बेलफास्टमधल्या मॅगर्क्स बारमध्ये यूव्हीएफच्या बॉम्बने १५ कॅथलिक मेले. तेव्हा आयआरएचाच बॉम्ब आत चुकून फुटला असे पसरवले गेले. म्हणजे मेलेल्यांवरच संशय.

सशस्त्र संघटना जिवंत माणसाला सैनिक ठरवून मारत होत्या आणि सरकार मेलेल्या माणसाला बंदूकधारी ठरवून पुरत होते. दोन्ही ठिकाणी पाचवा रकाना मारणाऱ्याच्या सोयीने भरला जात होता. डेरीच्या मृतांचे निर्दोषत्व सॅव्हिल आयोगाने २०१० मध्ये मान्य केले आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ३८ वर्षे लागली. बॅलीमर्फीच्या कुटुंबांना २०२१ पर्यंत, ५० वर्षे थांबावे लागले.

रकाना कोण बदलतो?

जुलै २००२ मध्ये, बेलफास्टच्या 'ब्लडी फ्रायडे' स्फोटमालिकेला ३० वर्षे होत असताना, आयआरएने माफी मागितली. त्या निवेदनात मुख्य माफी होती ती 'युद्धात सहभागी नसलेल्यांच्या' कुटुंबांची. मी ते वाचले आणि वही उघडली. चहावाला यात येतो का? टीबेनचा गवंडी? कॉशक्विनचा आचारी? शब्द इतका मोघम, की ज्याने त्याने आपला माणूस त्यात शोधावा.

उलट बाजूने कायदाही याच दगडाला ठेचकाळला. २००६ च्या कायद्याने 'पीडित' या शब्दाची व्याख्या करताना मारणारा आणि मरणारा असा भेद ठेवला नाही. २००९ मध्ये एका सरकारी सल्लागार गटाने सुचवले, की प्रत्येक मृताच्या कुटुंबाला १२,००० पौंड द्यावेत. यात स्वतः हत्या करताना मेलेल्यांची कुटुंबेही आली. गदारोळ उठला आणि सूचना बारगळली. शँकिलच्या स्फोटात मुलगी गमावलेला बाप आणि तो बॉम्ब आणताना मेलेल्याची आई, दोघांना एकच धनादेश? 'नाही' म्हणणाऱ्यांचे दुःख मला कळते. पण मुलगा गमावलेल्या त्या आईचे रडणे खोटे होते, असेही मला म्हणता येत नाही.

मग करायचे काय? मला एक उत्तर १९९९ मध्ये निघालेल्या 'लॉस्ट लाइव्हज' या ग्रंथात दिसते. काही पत्रकार आणि अभ्यासकांनी मिळून ३,६०० हून अधिक मृतांच्या, एकालाही न वगळता, नोंदी केल्या. सैनिक, पोलीस, मारेकरी, बाळ, सगळे एकाच क्रमाने, तारखेनुसार. प्रत्येकाला एक परिच्छेद तरी : तो कुठे चालला होता, मागे कोण राहिले. तिथे रकाना आहे, पण माणूस त्या रकान्यात संपत नाही.

१९९८ च्या गुड फ्रायडे कराराने बंदुका बहुतांशी थांबल्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला करार न मानणाऱ्या फुटीर गटाने ओमा गावच्या बाजारपेठेत केलेल्या स्फोटात २९ जण आणि पोटातली जुळी मेली. एवढे वगळता मोठे हत्याकांड पुन्हा झाले नाही. कागदांची लढाई मात्र चालू राहिली. ब्रिटिश सरकारच्या २०२३ च्या कायद्याने १ मे २०२४ नंतर जुन्या मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशा थांबवल्या. किंग्समिलचा निकाल त्याआधी जेमतेम लागला. ज्यांचा लागला नाही अशी कितीतरी कुटुंबे तेव्हा मागे राहिली. त्यांना पैसे नको आहेत, बहुतेकांना आता शिक्षाही नको आहे. आपल्या माणसाच्या नावापुढे लिहिलेला खोटा शब्द खोडून खरा शब्द लिहिला जावा, एवढेच त्यांचे मागणे आहे.

हिशेबात चुकीच्या खात्याला पडलेली रक्कम दुरुस्त करायला एक उलट नोंद पुरते. इथे तेवढ्यासाठी पन्नास वर्षे लागतात, आणि तोवर दुरुस्ती पाहायला आई-बाप उरलेले नसतात. माझ्या वहीतला पाचवा रकाना मी आता पेन्सिलने लिहितो.